विश्लेषण : बाटलीवर नाव ‘सायडर’, पण आत सफरचंद किती?

वजन कमी करण्याच्या नादात ‘ॲपल सायडर व्हिनेगर’ अनेक मराठी स्वयंपाकघरांत येऊन बसले. त्यातल्या ‘सायडर’ शब्दाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेले मद्य. ते हवेत उघडे राहिले आणि जिवाणूंनी त्यातल्या अल्कोहोलचे आम्ल केले, की व्हिनेगर तयार. या मद्याची जगातील सर्वात मोठी बाजारपेठ ब्रिटन आहे. तिथे सायडर म्हणवून घेण्यासाठी बाटलीत ३५ टक्के रस असला तरी पुरते.

सायडर तयार कसे होते?

इंग्लंडमध्ये सॉमरसेट आणि हेरिफर्डशायर हे सायडरचे परंपरागत प्रदेश. इथल्या ‘किंग्स्टन ब्लॅक’, ‘डॅबिनेट’ या जातींची सफरचंदे हातात घेऊन खाण्यासाठी नसतातच. एक घास घेतला तरी तोंड आकसते, इतकी ती तुरट. पण हाच तुरटपणा पेयाला अंग देतो. शरद ऋतूत फळे गोळा करायची, चेचून लगदा करायचा, तो दाबून रस काढायचा आणि यीस्टवर सोपवायचा. पुढचे काही महिने वाट पाहणे हेच काम. एकेकाळी इंग्लंडमध्ये शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात दिला जाई. १८८७ मध्ये कायद्याने ही पद्धत बंद झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी हेरिफर्डमध्ये पर्सी बल्मर यांनी ‘बल्मर्स’ सुरू केली आणि शेतावरचे पेय कारखान्यात गेले.

३५ टक्क्यांचे गणित काय?

सफरचंदाच्या एक लिटर रसात साधारण ११० ग्रॅम साखर असते. लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून अंदाजे एक टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे निव्वळ रसाचे सायडर साडेसहा टक्क्यांच्या आसपास जाते. आता रस ३५ टक्केच घेतला, तर त्यातून सव्वादोन टक्के अल्कोहोल मिळेल. बाटलीवर साडेचार टक्के लिहिले असेल, तर उरलेला निम्मा वाटा आला कुठून? वरून घातलेल्या साखरेतून किंवा ग्लुकोज सिरपमधून. मोठे उत्पादक अनेकदा आधी जास्त तीव्रतेचे सायडर आंबवून घेतात आणि नंतर पाणी घालून ते हवे तितके सौम्य करतात. रसाऐवजी त्याचा घट्ट अर्कही चालतो.

हे सारे कायदेशीर आहे आणि फायद्याचेही. ऑगस्ट २०२३ च्या नव्या रचनेत सर्वसाधारण सायडरवरील अल्कोहोल कर बिअरच्या निम्म्याहून कमी ठेवण्यात आला. गंमत म्हणजे साखरेचा पाक घातला तरी ही सवलत टिकते. पण खऱ्या स्ट्रॉबेरीचा रस घातला, की पेय जास्त कराच्या गटात जाते!

इतर देशांत काय?

फ्रान्सच्या नॉर्मंडीत सायडर ऊर्ध्वपातित करून ओकच्या पिंपांत किमान दोन वर्षे मुरवतात. हे ‘काल्वाडोस’. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसातून गोव्यात फेणी काढतात, त्याच जातकुळीचे. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात बाटली डोक्यावर धरून खालच्या पेल्यात धार सोडतात. तिथल्या सायडर संस्कृतीला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

मग बागायतदार अडचणीत का?

२००५-०६ च्या सुमारास आयर्लंडच्या ‘मॅग्नर्स’ने ‘बर्फावर ओतून प्या’ अशी जाहिरात केली आणि ब्रिटनमध्ये सायडरची लाट आली. ती पुढे ओसरली. ‘बल्मर्स’ची सध्याची मालक असलेल्या हायनेकेनने वेल्समधील मॉनमथशायर येथील सुमारे ३०० एकरांची बाग उपटून टाकली. सफरचंदे गरजेपेक्षा जास्त झाली, असे कारण देण्यात आले.

खायच्या सफरचंदाचा भाव पडला, तर शेतकरी दुसरी मंडी गाठतो. तुरट सफरचंदाला ती सोय नाही. सायडरवाल्याने घेतले नाही, तर ते झाडाखालीच कुजते. त्यामुळे रसाची किमान मर्यादा वाढवावी, असे छोट्या उत्पादकांपैकी अनेकांचे म्हणणे आहे. ग्राहकाला मात्र दुकानात फरक कळणे कठीण. १.२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांना घटकांची यादी छापण्याचे बंधन ब्रिटनमध्ये नाही. पूर्ण रस वापरणारे उत्पादक तसे लेबलवर स्वतःहून लिहितात. बाकीच्या बाटल्यांवर सफरचंदाचे चित्र असते.