द्राक्षाची वाईन आणि मोहाचे फूल

'वाईन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेच्या चॅपलमध्ये. सिस्टर सांगायच्या, मिस्सासाठी शुद्ध द्राक्षाचीच वाईन लागते. इथे हॉस्टेलला आल्यावर गडचिरोलीचा रूममेट म्हणाला, "आमच्या देवाला मोहाची लागते." मला हसू आलं. नंतर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं आणि हसू थांबलं. कारण दोन्हीकडे राबणारा कामगार एकच आहे, यीस्ट!

आधी द्राक्ष बघू. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळ उन्हाळ्याच्या तोंडावर, कोरड्या हवेत पिकते. पाऊस लागला की केवडा, भुरी असे रोग येतात. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूर हे द्राक्षाचे जिल्हे. आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर, आणि मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन कसे असते ते मी काय सांगावे?

आता वाईन. द्राक्षे चिरडून नुसता रस आंबवला की व्हाईट वाईन, काळ्या द्राक्षांच्या सालीसकट आंबवला की रेड. रंग सालीत असतो. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. हिशोब सोपा आहे. एका लिटरमध्ये साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल. म्हणजे २२० ग्रॅम साखरेचा रस सुमारे १३ टक्क्यांवर जातो. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेक यीस्ट त्यातच मरते. म्हणून वाईन याहून फार कडक होत नाही.

मोहाला मळा लागत नाही की छाटणी लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मलईच्या रंगाची मांसल फुले रात्री-पहाटे गळतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच साखर असते. फुले भिजवून आंबवली की इथपर्यंत गोष्ट वाईनसारखीच. फरक पुढे आहे. मोहाचे आंबवण तापवतात. अल्कोहोल ७८ अंशाला उकळते, पाणी १०० ला. त्यामुळे वाफेत अल्कोहोल जास्त येते, ती वाफ थंड केली की दारू. आपल्या लॅबमधले डिस्टिलेशनच ते! म्हणजे मोहाची दारू ही वाईनची नाही, ब्रँडीची बहीण. ती वाईनच्या हिशोबाने पिणारा फसतो.

म्हणूनच दारूबंदीची चेष्टा करू नये असे मला वाटते. गडचिरोलीत लोकांनी, विशेषतः बायांनी, लढून १९९३ मध्ये बंदी आणली. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. घरात दारूने काय होते हे त्या बायांना कुठल्याही फॉर्म्युल्याशिवाय माहीत होते.

पण यात फुलाचा काय दोष? द्राक्षाला २००१ मध्ये सरकारने वाईनसाठी खास धोरण दिले. मोहफुलांच्या साठवणीवर, वाहतुकीवर मात्र दारूबंदी कायद्याचे निर्बंध होते, ते २०२१ मध्ये सैल झाले. खरे तर हे फूल आधी अन्न आहे. भाजून तिळाबरोबर त्याचे लाडू होतात, बियांचे तेल निघते. आणि ते वेचणे सोपे नाही. पहाटे जंगलात खाली वाकून वेचावे लागते. त्याच वेळी वाघही फिरत असतो. मोहाच्या हंगामात माणूस गेल्याची बातमी आपण मेसमध्ये पेपरात वाचतो आणि पान उलटतो. फूल नीट दिसावे म्हणून खालचा पाला पेटवतात, त्यातून वणवा लागतो. झाडाखाली जाळी बांधली तर वाकणेही वाचेल आणि आगही. आपण इंजिनिअर होणार ना? मग मशीन डिझाईनच्या प्रोजेक्टला स्वस्त, टिकाऊ जाळी आणि फुले वाळवायचा सोलर ड्रायर का नको?

गेल्या सुट्टीनंतर रूममेटने डब्यात मोहाचे लाडू आणले. अर्धा डबा मीच संपवला. नशा काही चढली नाही, पण आता मी हसत नाही.