नांदेड-लातूरची माणसं गाव का सोडतात? १९४८ पासूनचा हिशेब

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शाळांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. मुलांना तारीख पाठ असते. घरातले बुजुर्ग मात्र त्याच दिवसांना ‘पुलिस अ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात कुणी हैदराबादला गेल्याची, कुणी कराचीला गेल्याची गोष्ट हमखास येते. आज आपली पोरं पुणे, मुंबई, हैदराबाद नाहीतर आखाताची वाट धरतात. याला आपण नशीब म्हणतो. पण मागे वळून पाहिलं तर बहुतेक वेळा आधी सरकारी निर्णय दिसतो, मग बुडालेली रोजी आणि शेवटी सुटलेलं गाव.

१९४८ : हिंसा थांबली, रोजी गेली

रझाकारांनी गावोगाव जुलूम केले, हे नाकारून चालणार नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या हिंसेत रझाकारांशी काही देणंघेणं नसलेली साधी मुसलमान कुटुंबंही भरडली गेली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक फटका बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदरमध्ये.

१९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. कसणाऱ्या शेतकऱ्यासाठी ते योग्यच झालं. पण जहागिरीवर एकटा जहागीरदार जगत नव्हता. मुन्शी, कारकून, शिपाई, गाडीवान यांची चूलही त्यावरच पेटत होती. त्यांच्यासाठी दुसरी सोय झाली नाही. कारभारातून उर्दू गेली आणि उर्दूत शिकलेला माणूस एकाएकी नोकरीच्या बाजारात अडाणी ठरला.

१९५६ : राजधानी बदलली

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला. नांदेडचा मुधोळ तालुका तेलुगू भागात गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी भागात आले. कोर्टकचेरी, नोकरभरती, मंत्र्यांचे बंगले, सगळं हैदराबादहून मुंबईला गेलं. सोयरीक मात्र तिकडेच राहिली. नांदेडची रेल्वेही निजामाच्या काळापासून सिकंदराबादला जोडलेली. म्हणून नांदेडचा मुलगा आजही कामासाठी सहज हैदराबाद गाठतो, तर लातूरचा पुण्या-मुंबईकडे वळतो.

सावरणं अर्धवट का राहिलं?

या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. धरण आलं, विद्यापीठ आलं. पण नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली आणि तेवढ्या हातांना काम देणारं दुसरं काही उभं राहिलं नाही. मागासलेपणाचा हिशेब ठेवण्यासाठी १९९४ मध्ये मराठवाडा वैधानिक विकास मंडळ झालं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. हायकोर्टाने शिक्षणापुरतं ते चालू ठेवलं, तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपून गेला.

आणखी एक गोष्ट. गाव सोडलेल्या माणसाचं नाव मतदार यादीत गावातच राहतं, तो मतदानाला येतोच असं नाही. मग त्याची फिकीर पुढारी कशाला करतील?

आपल्या हातात काय?

पहिलं काम कागदपत्रांचं. तांबोळी, बागवान, मन्यार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि दाखला त्या वेळच्या मूळ गावाच्या उपविभागीय कार्यालयातून मिळतो. पुण्यात वाढलेल्या मुलासाठीही धावपळ नांदेड-लातूरलाच करावी लागते. हा पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात किंवा जमिनीच्या जुन्या नोंदीत असतो, आणि कित्येकदा उर्दूत असतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा सरकारलाही उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. आपल्या घरात उर्दू वाचणारे बुजुर्ग हयात आहेत तोवर हे काम करून घ्या. बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभं राहून कागद शोधू नका.

दुसरं काम भाषेचं. आम्ही शिक्षक पालकांना सांगतो, उर्दू सोडू नका, पण दहावीपर्यंत मुलाला मराठीत अर्ज लिहिता आला पाहिजे आणि सरकारी जीआर वाचून समजला पाहिजे. १९४८ नंतर आपल्या आजोबांना भाषेनेच मागे टाकलं होतं.

तिसरं, बाहेर राहणाऱ्यांनी मतदार यादीतलं नाव तपासावं. जिथे कायम राहता तिथे नोंदवा आणि मतदान करा. गावातच ठेवायचं असेल, तर मतदानाच्या दिवशी गावी या.