हाडे पोखरणारा रोग : मल्टिपल मायलोमा

कंबर दुखली म्हणून शेतकऱ्याच्या घरात कोणी घाबरत नाही. खुरपणी, ऊसतोड, पोती उचलणे, रात्री-अपरात्री पिकाला पाणी देणे, यात पाठ-कंबर धरणारच. शेक घ्यावा, तेल चोळावे, चार दिवस विसावा घ्यावा, की माणूस पुन्हा कामाला लागतो. हा लेख त्या दुखण्याबद्दल नाही. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाची पाठ, बरगडी किंवा मांडी महिना-दोन महिने दुखतच राहते, हालचाल केली की कळ येते आणि त्याबरोबर माणूस थकत, पांढराफटक पडत जातो, त्या दुखण्याबद्दल तो आहे. अशा वेळीही बहुधा साधेच कारण निघते. पण थोड्या लोकांत मल्टिपल मायलोमा नावाचा कर्करोग निघतो. तो हाडाच्या मगजात उत्पन्न होतो आणि हाडच पोखरतो.

रोग नवा नाही. लंडनमध्ये १८४४ साली सारा न्यूबरी नावाची एकोणचाळीस वर्षांची बाई या रोगाने वारली. नवऱ्याने तिला उचलून बिछान्यावर नेले, तेवढ्यानेच तिच्या मांड्यांची हाडे मोडली होती. त्याच वर्षी तिथल्या एका किराणा दुकानदाराने उडी मारताना छातीत काहीतरी कडकन मोडल्यासारखे झाले. पुढच्या वर्षी त्याची लघवी डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासायला आली. तिच्यात त्यांना एक निराळेच प्रथिन सापडले. आजही त्या प्रथिनाला बेन्स जोन्स यांचेच नाव आहे. १ जानेवारी १८४६ रोजी तो दुकानदार वारला. शवचिकित्सेत त्याची हाडे सुरीने सहज कापली जातील इतकी मऊ निघाली.

हाड इतके मऊ का होते? हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यात जन्मभर पाडापाड आणि बांधकाम चालू असते. एका जातीच्या पेशी जुने हाड थोडे थोडे खरवडून काढतात आणि दुसऱ्या जातीच्या, गवंड्यासारख्या पेशी तिथे नवे हाड भरतात. दोघींचा मेळ असला की हाड मजबूत राहते. मगजात प्लाझ्मा पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रथिने तयार करणे हे त्यांचे काम. या रोगात त्याच पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढतात. मग त्या दोन प्रकारे नुकसान करतात. हाड पाडणाऱ्या पेशींना त्या चिथावणी देतात आणि गवंडी पेशींचे काम बंद पाडतात. हाड खरवडले जात असताना सोडलेली द्रव्ये पुन्हा या रोगट पेशींनाच पोसतात. असे हे चक्र चालते. भुंगा लागलेला वासा बाहेरून धड दिसतो, तशी गत होते. मणका दबतो, पोक येते, उंची कमी होते. साधे खोकल्याने किंवा कूस बदलल्याने बरगडी मोडते.

गवंडी पेशी थंडावल्यामुळे एक फसगतही होते. बोन स्कॅन नावाच्या तपासणीत जिथे नवे हाड बनते तीच जागा उठून दिसते. इथे ते बनतच नाही, म्हणून स्कॅन चांगला येऊ शकतो. साध्या एक्स-रेतही हाडाचा बराच भाग, सुमारे तिसरा हिस्सा गेल्याशिवाय भोक दिसत नाही. तेव्हा एक एक्स-रे चांगला आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये ते लवकर कळते.

हाडातला कॅल्शियम सुटून रक्तात येतो. मग तहान फार लागते, लघवी वारंवार होते, शौचास खडा होतो, माणूस गुंगल्यासारखा असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, वय झाले. आणि हाडे दुखतात म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आणून देतात. रक्तात तो आधीच वाढलेला असेल तर त्या गोळ्यांनी अपायच होतो. रोगट पेशींच्या प्रथिनाने मूत्रपिंडेही निकामी होऊ लागतात. अशात औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज आणून खाणे म्हणजे मूत्रपिंडांवर दुसरा घाव. आपल्याकडे हे फार चालते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणखी एक रीत. नातवाला पाठीवर उभे करून पाठ तुडवून घेणे, किंवा कुणाकडून मणका 'बसवून' घेणे. तरुणाची अवघडलेली पाठ त्याने सुटतही असेल. पण म्हाताऱ्या माणसाची, बरेच दिवस दुखणारी पाठ तपासल्याशिवाय कुणाला तुडवू देऊ नये. पोखरलेला मणका दबला तर मज्जारज्जू चेपतो. पायांतली शक्ती एकाएकी गेली, कमरेखाली बधिर झाले किंवा लघवी अडली, तर उजाडण्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

सुरुवातीच्या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात : हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम. त्यांत गडबड दिसली तर डॉक्टर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी आणि पुढे मगजाची तपासणी सांगतात. शेतीव्यवसायाशी आणि कीटकनाशकांशी या रोगाचा संबंध असावा असे काही पाहण्यांत आढळले आहे, पण तो पक्का सिद्ध झालेला नाही. फवारताना तोंड झाकायला मात्र त्याची वाट पाहायला नको.

रोग बहुधा समूळ जात नाही. पण १९९९ नंतर थॅलिडोमाइड, बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड अशी औषधे आली आणि पुष्कळ रोगी कितीतरी वर्षे बऱ्यापैकी जगतात. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन सलाईनमधून देतात. ते पाडणाऱ्या पेशींना आवरते. पडलेली भोके मात्र सहसा भरून येत नाहीत, म्हणून लवकर गाठण्यात अर्थ आहे. फार दुखणाऱ्या हाडाला किरणोपचार देतात, दबलेल्या मणक्यात कधी हाडाचे सिमेंट भरतात. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे कागदपत्रांची चौकशी करावी.

घरी रोग्याला अंथरुणाला खिळवून ठेवू नये. बिनहालचालीने हाडे आणखी झिजतात. डॉक्टरांनी बेतून दिलेले चालणे चालावे. घागर, पाटी, पोते उचलू नये. काखेत धरून ओढून उठवू नये, कुशीवर वळवून बसवावे. डॉक्टरांनी मना केले नसेल तर पाणी भरपूर द्यावे. आणि हाडांचे ते इंजेक्शन सुरू होण्याआधी किडके दात दाखवून घ्यावेत. ते चालू असताना दात उपटला तर क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून भरत नाही. दातांच्या डॉक्टरला हे इंजेक्शन चालू असल्याचे आधी सांगावे.