खिडकी नंबर दोन

सकाळचे पावणेआठ वाजलेत. आरक्षण केंद्राचं शटर अर्धं वर गेलंय आणि दादाची व्हीलचेअर रॅम्पच्या तोंडाशीच अडलीय, कारण रॅम्पवर कुणीतरी मोटारसायकल लावून ठेवलीय. हँडल लॉक केलेलं नाही, हे नशीब. चहावाला आणि मी मिळून गाडी बाजूला ओढतो. दादा काही बोलत नाही. मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी तेवढी घट्ट धरून बसलाय. तिच्यात त्याचं रेल्वेच्या अपंग सवलतीचं कार्ड आहे.

थोरल्या ताईच्या मुलीचं लग्न नागपूरला आहे, दोन महिन्यांनी. आरक्षण साठ दिवस आधी सुटतं आणि आजचा दिवस बरोबर साठावा. मोबाईलवरूनही तिकीट निघतं, कार्डाचा नंबर तिथे टाकता येतो. पण दादाला खिडकीवरच यायचं होतं. मणक्याच्या दुखापतीला अकरा वर्षं झाली, त्यानंतरचा हा त्याचा पहिला लांबचा प्रवास. स्वतःचं तिकीट स्वतः काढणार, म्हणाला.

रांगेत आमच्यापुढे तिघे आहेत. मी वही उघडते. काल रात्री हिशेब मांडलाय, तो पुन्हा तपासते. सवलत ऐकायला सोपी वाटते, पण कुठल्या गाडीत आणि कुठल्या वर्गात बसतो यावर सगळं ठरतं. सोबतीशिवाय प्रवास करूच शकत नाही अशा अस्थिव्यंग माणसाला स्लीपरला आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे. टू एसीला गेलं की ती ५० वर येते. राजधानीच्या थ्री एसीत फक्त २५. गरीब रथात सवलतच नाही, तिथे राखीव बर्थ मिळाला तरी पूर्ण भाडं भरावं लागतं. तत्काळमध्येही नाही. म्हणून तर साठ दिवस आधी यायचं.

शिवाय सवलत मूळ भाड्यावरच. आरक्षणाचे पैसे आणि सुपरफास्टचा आकार पूर्ण द्यावा लागतो. हिशेब सोपा जावा म्हणून थ्री एसीचं मूळ भाडं हजार रुपये धरलंय. पाऊण हिस्सा गेला, राहिले अडीचशे. त्यात आरक्षणाचे ४० मिळवले आणि वर ५ टक्के जीएसटी धरला, की माणशी साधारण ३०५. तेवढ्याच अंतराला टू एसीचं मूळ भाडं चौदाशे धरलं, तर निम्मे सातशे, आरक्षणाचे ५० आणि जीएसटी मिळून जवळजवळ ७९०. एका पायरीच्या फरकाने अडीचपट! सुपरफास्ट गाडी घेतली असती तर थ्री एसीला आणखी ४५ पडले असते. आम्ही घेतोय ती महाराष्ट्र एक्सप्रेस, ११०३९. तिला सुपरफास्टचा आकार नाही आणि कोल्हापूरहून निघून ती थेट नागपूरला जाते. गाडी बदलायची झाली तर दादाला दोनदा उचलावं लागतं, तेही टळतं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की सोबत्यालाही तेवढीच सवलत मिळते. म्हणजे माझंही तिकीट पाव भाड्यात.

"पुढे या."

काउंटर दादाच्या डोक्याच्याही वर आहे. खिडकीतले साहेब खुर्चीवरून उठतात, काचेच्या फटीतून हात खाली सोडतात. दादा कार्ड त्यांच्या हातात ठेवतो. लॅमिनेशनची एक कड सुटलीय. फोटोतला दादा आत्तापेक्षा बारीक दिसतो, केस सगळे काळे. हे कार्ड काढायला सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यापासून विभागीय कार्यालयापर्यंत तीन हेलपाटे झाले होते. आता अर्ज ऑनलाइनही करता येतो.

"एस्कॉर्ट कोण?"

"बहीण," दादाच उत्तर देतो.

साहेब कार्डाचा नंबर टिपतात, मुदत बघतात. "लोअर आणि मिडल. चालेल?"

"चालेल."

प्रिंटर खरखरतो. दादा तिकीट घेतो, दोन्ही नावं वाचतो, तारीख वाचतो, पुन्हा पहिल्यापासून वाचतो. मी खुर्ची वळवायला जाते तर म्हणतो, "थांब जरा."

आमच्या मागचे काका आता खिडकीशी आहेत. साठीच्या आतबाहेरचे, डावा पाय पोलिओने वाळलेला, बगलेत काठी. त्यांनी पिवळ्या पट्ट्याचं युडीआयडी, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्राचं कार्ड पुढे केलंय. अपंगत्व ५० टक्के.

"काका, हे कार्ड रेल्वेच्या सवलतीला चालत नाही."

"एसटीला चालतं की! कंडक्टर बघतो आन् तिकीट देतो."

"एसटीचा नियम वेगळा. आमच्याकडे एकट्याने प्रवास करताच येत नाही, असा डॉक्टरांचा दाखला लागतो. तुम्ही एकटेच आलात ना?"

"एकटाच येतो. कोण आहे सोबत यायला?"

साहेब गप्प होतात. त्यांच्या आवाजात तुसडेपणा नव्हता, नियम त्यांनी केलेला नाही. काका शर्टाच्या आतल्या खिशातून पैसे काढतात, मोजतात, स्लीपरचं पूर्ण भाडं भरतात. ज्येष्ठांची सवलत असती तर वयाने तरी काही सूट पडली असती, पण ती मार्च २०२० मध्येच बंद झाली. काठी सावरत ते आमच्या बाजूने बाहेर जातात. जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवतात. "निघालं न्हवं तुमचं? बरं झालं."

मी वहीतला हिशेब पुन्हा बघते. दादा थ्री एसीत जाणार, आणि काकांनी स्लीपरचे मोजले त्याहून कमी पैशांत. दादाला ही सवलत हवीच. ती नसती तर हा प्रवास आमच्या घराला झेपला नसता. पण कुणाची तरी सोबत घेऊन निघणाऱ्याला दोन तिकिटांवर सूट आणि काठी टेकत एकट्याने निघणाऱ्याला एक रुपयाही नाही, हे मला पटत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेत. रेल्वेची ही सवलत अजून चार गटांपुरतीच आहे: सोबतीशिवाय जाऊ न शकणारे अस्थिव्यंग, तसेच बौद्धिक अक्षम, पूर्ण अंध, आणि ऐकू-बोलू दोन्ही न शकणारे.

रॅम्पवर आता दुसरी मोटारसायकल आलीय. चहावाला आम्हाला बघून आपणहून उठतो.

तुमच्या घरात या चार गटांतलं कुणी असेल तर रेल्वेचं कार्ड आजच काढायला घ्या आणि प्रवासात मूळ कार्ड जवळ ठेवा. रेल्वेकडे माझं मागणं एवढंच आहे, की त्या काकांचं पिवळं कार्डही खिडकी नंबर दोनवर चालावं.