रांग खात्यांची

२२ मे २०२५. सकाळचे दहा वाजले आणि पुढच्या एका मिनिटात आयआरसीटीसी या रेल्वेच्या तिकीट-संकेतस्थळावर ३१,८१४ तिकिटं निघाली. एका मिनिटातला हा तिथला तोवरचा उच्चांक. दहा ही वातानुकूलित वर्गांच्या तत्काळची, म्हणजे आयत्या वेळच्या तिकिटांची वेळ. साध्या स्लीपरची अकरा. रेल्वे मंत्रालयाने जूनमध्ये हा आकडा मोठ्या अभिमानाने जाहीर केला, पण त्याच निवेदनात आणखी दोन आकडे होते आणि खरी बातमी त्यांच्यात होती. तत्काळ सुरू होताच पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात, त्यांतले निम्म्यापर्यंत माणसांचे नसतातच, ते संगणकी प्रोग्राम करतात. आणि संशयास्पद म्हणून आधीच्या पाच महिन्यांत अडीच कोटींहून जास्त युजर आयडी बंद करण्यात आले होते. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. म्हणजे दोन मुंबया भरतील इतकी खाती.

इतकी खाती कुणाला लागतात, आणि कशाला? याचं उत्तर समजलं की स्वतःचं एक खातं नीट कसं ठेवायचं, हेही आपोआप समजतं.

रेल्वेचं आरक्षण खिडकीवर होत असे तेव्हा रांगेत माणूस उभा असायचा. पहाटे उठून, डबा-पाणी घेऊन, कधी आदल्या रात्रीपासून. दलाल तेव्हाही होते, पण त्यांनाही रांगेत कुणीतरी हाडामांसाचं उभं करावं लागे, आणि एका खिडकीसमोर माणसं तरी किती उभी करणार! २००२च्या ऑगस्टमध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली. आजच्या तरुणांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा पैसे ऑनलाइन भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. २००५मध्ये ई-तिकीट आलं आणि कुरिअरची गरज उरली नाही. आता आरक्षित तिकिटांतली ऐंशी टक्क्यांहून जास्त तिकिटं ऑनलाइन निघतात. रांग मोडली असं आपण समजतो. ती मोडलेली नाही, फक्त तिच्यात आता माणसांऐवजी खाती उभी असतात. आणि एका माणसाला एकाच ठिकाणी उभं राहता येतं, ही जुन्या रांगेतली निसर्गाचीच अट खात्यांना लागू नव्हती. ईमेल पत्ते फुकट मिळतात, सिमकार्डं स्वस्त मिळतात. हवी तेवढी खाती उघडा.

नुसती खाती असूनही भागत नाही. ती वेगाने चालवावी लागतात. प्रवाशांची नावं, वयं, बर्थ, कॅप्चा, पैसे हे सगळं साधा माणूस दीड-दोन मिनिटांत भरतो, तोवर यादी वेटिंगवर गेलेली असते. हे काम काही सेकंदांत उरकणारी सॉफ्टवेअर चोरून विकली जातात. डिसेंबर २०१७मध्ये सीबीआयने ‘निओ’ नावाच्या अशाच एका सॉफ्टवेअरच्या प्रकरणात अटक केली, तेव्हा मुख्य आरोपी निघाला खुद्द सीबीआयचाच एक असिस्टंट प्रोग्रामर. त्याआधी तो काही वर्षं आयआरसीटीसीत कामाला होता. यंत्रणेतल्या फटी त्याला तिथेच कळल्या होत्या, असं तपास यंत्रणेचं म्हणणं होतं. २०२०च्या जानेवारीत रेल्वे सुरक्षा दलाने उघडकीला आणलेल्या टोळीच्या सॉफ्टवेअरचं नाव होतं ‘एएनएमएस’. ‘रेड मिर्ची’ हे त्याच जातीचं आणखी एक. नावं गमतीची असली तरी धंदा साधासरळ आहे: शेकडो खाती, एक सॉफ्टवेअर, आणि वर प्रत्येक तिकिटामागे गरजूकडून उकळलेले पैसे.

यावर रेल्वेने काढलेला तोडगा म्हणजे खात्यामागे खरा माणूस आहे याची खात्री करून घेणं. १ जुलै २०२५पासून आधारशी पडताळलेल्या खात्यावरूनच तत्काळ तिकीट ऑनलाइन काढता येतं. १५ जुलैपासून त्यात आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची भर पडली. अधिकृत एजंटांनाही पहिला अर्धा तास तत्काळची दारं बंद झाली. १ ऑक्टोबर २०२५पासून सर्वसाधारण आरक्षणालाही हाच नियम लागला. आरक्षण ज्या दिवशी खुलं होतं, त्या दिवशीची पहिली पंधरा मिनिटं फक्त पडताळलेल्या खात्यांसाठी राखली गेली, आणि पुढे ही वेळ टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली.

कोकणात जाणाऱ्याला या पंधरा मिनिटांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०२५ची गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. दोन दिवस आधी, म्हणजे २५ ऑगस्टला निघायचं तर आरक्षण साठ दिवस आधी, २६ जूनला सकाळी आठला खुलं होणार. (ऑक्टोबर २०२४पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती.) कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्यांची गणपतीतली तिकिटं पहिल्या काही मिनिटांत संपतात. मग यादी शेकड्यांनी वाढते आणि शेवटी ‘रिग्रेट’ येतं, म्हणजे वेटिंगचं तिकीटही मिळत नाही. सव्वाआठला आलेल्या चाकरमान्याला पंधरा मिनिटांचा उशीर झाला, एवढंच म्हणून चालत नाही. त्याच्यापुरता तो हंगामच हुकलेला असतो.

तेव्हा खातं. ते उघडणं अवघड नाही: युजर आयडी, पासवर्ड, नाव, ईमेल, मोबाइल, पत्ता, आणि ईमेल व मोबाइल दोन्हीकडे येणाऱ्या ओटीपींनी खातरजमा. पाच-दहा मिनिटांचं काम. मात्र या पाच-दहा मिनिटांत घाईने भरलेल्या गोष्टी पुढे वर्षानुवर्षं छळतात. सगळ्यांत जास्त छळतं ते नाव. आपल्याकडे एकाच बाईची तीन नावं तीन कागदांवर असतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत सासरचं, आणि आधारवर वडिलांचं नाव मध्ये तसंच ठेवून आडनाव तेवढं बदललेलं. आयआरसीटीसीच्या खात्यातलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळलं नाही की पडताळणी अडते. म्हणून खातं उघडताना आधारचं कार्ड समोर ठेवून, त्यावर छापलंय तसंच नाव टाकायचं. आपल्याला स्वतःचं नाव पाठ असतं, हा आत्मविश्वास इथे कामाचा नाही.

युजर आयडी एकदा घेतला की बदलता येत नाही. हौसेने घेतलेला विचित्र आयडी पुढे आठवत नाही, म्हणून सोपा घ्यावा आणि लिहून ठेवावा. पासवर्डबद्दल एक जुनी समजूत सोडायला हरकत नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक चिन्ह, एक आकडा, एक मोठं अक्षर घाला, हा सल्ला अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेच्या २००३च्या पुस्तिकेतून जगभर पसरला. त्याच संस्थेने २०१७मध्ये तो मागे घेतला. सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटच्या १चा २ करतात, हे तोवर लक्षात आलं होतं. लांब पासवर्ड ठेवा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका, एवढं पुरे. आयआरसीटीसी तरीही आकडा आणि मोठं अक्षर मागते, तिथे इलाज नाही.

पडताळणीसाठी ‘माय अकाउंट’मध्ये ‘ऑथेंटिकेट युजर’ हा पर्याय आहे. तिथे आधार क्रमांक द्यायचा. तो द्यायचा नसेल तर त्याऐवजी सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी चालतो. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आयआरसीटीसीला दिलेल्या मोबाइलवर नव्हे. या एका वाक्यावर हजारो घरं अडतात. आधार काढलं तेव्हाचा नंबर कधीच बंद पडलेला असतो, किंवा तेव्हा मुलाचा नंबर दिलेला असतो आणि मुलगा आता परदेशात. नंबर बदलायचा तर तो आधारच्या नोंदीतच बदलून घ्यावा लागतो. हे काम तिकीट काढायच्या दिवशी नव्हे, दोन-तीन महिने आधी उरकायचं असतं. पडताळणीचा आणखी एक फायदा आहे: पडताळणी नसलेल्या खात्यावरून महिन्याला १२ तिकिटं काढता येतात, पडताळलेल्यावरून २४. मोठ्या कुटुंबात लग्नसराईच्या महिन्यात हा फरक जाणवतो.

बंद पडलेल्या मोबाइल नंबरचा धोका ओटीपी न येण्यापुरता नसतो. कंपनीने बंद केलेला नंबर किमान ९० दिवस कुणालाही द्यायचा नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला देता येतो, अशी पद्धत आहे. म्हणजे जुना नंबर खात्यात तसाच राहिला, तर काही महिन्यांनी खात्याचे ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागतील. सिम बदललं की बँकेत कळवायची सवय आता लोकांना लागली आहे. रेल्वेचं खातं मात्र विसरलं जातं, कारण त्यात पैसे नाहीत असं वाटतं. प्रत्यक्षात त्यात घरातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि येण्याजाण्याच्या तारखा असतात. घर कधी बंद असणार, हे त्याहून नेमकं दुसरीकडे कुठे लिहिलेलं असतं?

तयारी म्हणून एवढं आणखी करून ठेवायचं: नेहमीच्या प्रवाशांची नावं ‘मास्टर लिस्ट’मध्ये आधीच भरायची, म्हणजे आठ वाजता टंकत बसावं लागत नाही. पैसे कुणाच्या खात्यातून भरतोय हेही बघायचं, कारण तिकीट रद्द झालं तर परतावा त्याच वाटेने परत जातो. भाच्याच्या यूपीआयने भरलेले पैसे भाच्याकडेच येतात, मग मामींनी फोन करत बसावं. १ जुलै २०२५ला आलेल्या ‘रेलवन’ अ‍ॅपमध्ये जुन्या आयआरसीटीसी किंवा यूटीएसच्याच (अनारक्षित तिकिटांच्या अ‍ॅपच्या) आयडीने जाता येतं; नवं खातं उघडायची गरज नाही. अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरून पसरणाऱ्या ‘आयआरसीटीसी कनेक्ट’ या नावाच्या एपीके फाइलबद्दल आयआरसीटीसीने २०२३मध्ये स्वतःच लोकांना सावध केलं होतं. ती फाइल बँकेचे तपशील चोरण्यासाठी बनवलेली होती.

आता उसन्या खात्याचा प्रश्न. गल्लीतल्या सायबर कॅफेवाल्याकडे वीस-पंचवीस लोकांचे आयडी-पासवर्ड वहीत लिहिलेले असतात. ‘काका, तुमचं मीच काढून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता!’ यात काकांना सोय वाटते. पण वैयक्तिक खात्यावरून पैसे घेऊन दुसऱ्यांची तिकिटं काढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम १९८९च्या कायद्यातलं, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं, त्यामुळे ते ऑनलाइन तिकिटांना लागू होत नाही, असा युक्तिवाद न्यायालयांत होत होता. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कॅफेवाला पकडला गेला, तर चौकशीत काकांचं खातंही बंद होऊ शकतं, आणि नेमकं गणपतीच्या तोंडावर.

याचा अर्थ शेजाऱ्याचं तिकीट काढूच नये, असा नाही. जून २०२४मध्ये वेगळ्या आडनावाच्या माणसाचं तिकीट काढल्यास तुरुंग, अशी अफवा मोबाइलवरून फिरली होती. मित्र, नातेवाईक, कुटुंबीय यांच्यासाठी आपल्या खात्यावरून तिकीट काढायला मनाई नाही, फक्त त्याचा धंदा करायचा नाही, असा खुलासा आयआरसीटीसीला करावा लागला. मामेभावाचं तिकीट बिनधास्त काढावं. त्याच्याकडून ‘सर्व्हिस चार्ज’ घेऊ नये.

हा बंदोबस्त कामाला येतो आहे का? नकली खात्यांना आळा बसला, एवढं निश्चित म्हणता येईल, कारण आधारशिवायच्या खात्याला पहिल्या गर्दीत आता काहीच मिळत नाही. पण गाडीतले बर्थ तेवढेच आहेत. गणपतीत दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या हजारो खऱ्या खात्यांच्या रांगेतही बहुतेकांना रिग्रेटच मिळणार, त्यावर आधार हा उपाय नव्हे. आणि नव्या नियमाने एका गटाला मागे ढकललं आहे: आधारला मोबाइल न जोडलेले म्हातारे, परदेशात राहणारे, आणि फोनच नसलेले. काउंटरवरच्या तत्काळ तिकिटालाही ओटीपी लावण्याचं धोरण असल्याने त्यांतल्या फोन नसलेल्यांची खिडकीची वाटही अरुंद होत चालली आहे. रेल्वेने खात्यामागे खरा माणूस मागितला हे योग्यच झालं. आता दादर, ठाणे, पनवेल, रत्नागिरी अशा स्थानकांवर आधारला मोबाइल जोडून देण्याची आणि खात्याची पडताळणी करून देण्याची सोय तिने आरक्षण कार्यालयातच करावी, आणि ती गणपतीच्या आरक्षणाच्या निदान दोन महिने आधी सुरू करावी.