गारव्याआड लपलेली साखर

लिंबू सरबत नेहमीच्या हाताने करा, फक्त बर्फ घालू नका. एकाच भांड्यातलं सरबत दोन पेल्यांत ओता. एक पेला तासभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसरा ओट्यावरच राहू द्या. मग आधी गार आणि नंतर ओट्यावरच्या पेल्यातला घोट घ्या. ओट्यावरचं सरबत नकोसं गोड लागेल आणि फ्रिजमधलं अगदी बेताचं. साखर मात्र दोन्हींत सारखीच आहे. उन्हात गाडीत राहून तापलेली कोल्याची बाटली ज्याने तोंडाला लावली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. वितळलेलं आइस्क्रीम पाकासारखं लागतं, तेही याच कारणाने.

ही किमया जिभेवरच घडते. गोड चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये ‘टीआरपीएम ५’ नावाची एक सूक्ष्म वाहिनी असते. साखरेचा रेणू पेशीवरच्या ग्राहकाला चिकटला की आत रासायनिक निरोपानिरोपी सुरू होते आणि तिच्या अखेरीस ही वाहिनी उघडते. ती उघडली की मेंदूला ‘गोड’ अशी वर्दी जाते. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातले कारेल तालावेरा आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की ही वाहिनी तापमानाला फार हळवी आहे. १५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत तापमान चढत जाईल तशी ती अधिक जोमाने काम करते. ज्या उंदरांमध्ये ही वाहिनीच नव्हती, त्यांच्या चवीच्या मज्जातंतूंमध्ये गरम केल्यावर गोडीची ही वाढ दिसली नाही.

फ्रिजमधलं पेय असतं चार-पाच अंशांचं. म्हणजे ज्या तापमानाला जिभेची गोडी ओळखण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच तापमानाला आपण सरबतं पितो. त्यात आंबटपणाची भर. लिंबाचं सायट्रिक आम्ल असो की कोल्यातलं फॉस्फरिक आम्ल, आंबट चव गोडीला दाबते. मग गोड लागावं म्हणून साखर वाढवावी लागते. साध्या कोल्यात दर १०० मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांहून जास्त. तेवढ्या साखरेचा चहा पुढे आला तर आपण कप खाली ठेवू.

मधुमेह असलेल्यांनी उन्हाळ्यात काय प्यावं, याच्या याद्या दर मार्चमध्ये निघतात. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न आहे तो किती गार प्यावं हा. पेय थोडं कमी गार केलं, तर कमी साखरेत भागतं आणि काही वेळा साखर लागतच नाही.

हे महत्त्वाचं का, ते एका छोट्या गणितातून कळतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० आली, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. पाच लिटरांचा हिशेब केला तर होतात पाच ग्रॅम. सगळ्या रक्तात मिळून एक चहाचा चमचा! एवढ्याशा साठ्यात सहा चमचे साखर येऊन पडते, तेव्हा ती हटवायला इन्सुलिनची मोठी धावपळ होते. निरोगी शरीर ती निभावून नेतं. मधुमेहात इन्सुलिन अपुरं पडतं किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे अशी १० कोटी १० लाख माणसं आहेत. राज्यांमध्ये गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के.

खाण्यातली साखर आणि पिण्यातली साखर यांतही फरक आहे. ब्रिस्टलमध्ये हेबर, हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली एक साधासा प्रयोग केला. दहा निरोगी माणसांना त्यांनी कधी सफरचंद, कधी सफरचंदाचा लगदा आणि कधी रस दिला. साखर प्रत्येक वेळी तेवढीच. रस सफरचंदापेक्षा अकरापट वेगाने पोटात गेला आणि पोट भरल्याची भावना मात्र सर्वांत कमी मिळाली. रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग रक्तातली साखर सफरचंदाच्या तुलनेत अधिक खाली घसरली. म्हणून ‘ताजा रस आहे, वरून साखर घातलेली नाही’ या वाक्यावर भाळू नये. संत्रं सोलून खावं, पिळून पिऊ नये.

उन्हाळ्यात यात आणखी एक फास आहे. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही, ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. पाणी गेलं की रक्त दाट होतं, साखरेचा आकडा आणखी वाढतो, घशाला कोरड पडते. त्या कोरडीवर कोणी उसाचा रस घेतला, की फेरा पुन्हा पहिल्यापासून. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या तर मुद्दामच लघवीवाटे साखर काढतात, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत. अशी गोळी चालू असलेल्यांनी पाण्यात चालढकल करून चालत नाही. आणि तहान भागवायला साध्या पाण्याची बरोबरी करणारं पेय अजून निघालेलं नाही, हे या लेखात कुठेतरी म्हणायलाच हवं होतं, ते इथेच म्हणतो.

आता रस्त्यावर येऊ. उसाच्या रसात १३ ते १५ टक्के साखर असते. फुल ग्लास म्हणजे तीसेक ग्रॅम, आलं-लिंबू पिळलं तरी तेवढीच. नीरा सकाळची, ताजी, नैसर्गिक, सगळं खरं. पण ताडामाडाच्या त्या गोड रसातही दहा टक्क्यांच्या आसपास साखर असतेच. ‘मधुमेहींना उपयुक्त’ असं पाटीवर लिहिल्याने ती कमी होत नाही. पियुषाचं नाव काढायलाच नको, श्रीखंड पातळ केलं म्हणून काही त्याचं ताक होत नाही. शहाळं या सगळ्यांत बरं. त्यातली साखर शंभराला तीन ते पाच ग्रॅम, म्हणजे मध्यम शहाळ्यात दहा ग्रॅमच्या आसपास. कधीमधी, जेवणाबरोबर नाही तर मधल्या वेळी, हरकत नाही. पण ज्यांची मूत्रपिंडं मधुमेहाने थकली आहेत त्यांना शहाळ्यातली साखर नडत नाही, पोटॅशियम नडतं. एका शहाळ्यात ते पाचशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्याही शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर शहाळ्याचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पन्ह्याबद्दल एक गोड गैरसमज घरोघरी आहे: ‘साखर नाही हो, गूळ घातलाय.’ गुळाचा मोठा भाग म्हणजे सुक्रोजच, साखरेच्या दाण्यात असतं तेच. थोडी खनिजं आणि सुरेख चव सोडली, तर रक्ताच्या दृष्टीने दोहोंत फार फरक उरत नाही. मधाचंही तसंच.

मोजमापाला एक सोपा आकडा हाताशी ठेवावा. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १०० मिलिलिटर पेयात अडीच ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच त्याला ‘कमी साखरेचं’ म्हणता येतं. अर्धा ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर ‘शुगर फ्री’. २०० मिलिलिटरच्या पेल्याला पहिला नियम लावला तर येतात पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. बाटलीच्या पुढच्या बाजूची फळांची चित्रं पाहण्यापेक्षा मागच्या तक्त्यातली ‘टोटल शुगर्स’ची ओळ वाचावी.

एक चमच्यात सरबत चवदार कसं करायचं? इथे आपला माठ कामाला येतो. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडून जाताना दर ग्रॅमला साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. लिटरभर पाणी अर्ध्या अंशाहून थोडं अधिक उतरवायला तेवढी पुरते. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत म्हणूनच माठातलं पाणी बाहेरच्या उन्हापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार मिळतं. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन रेंगाळतं आणि माठाचं फारसं चालत नाही. तिथे फ्रिजमधलं आणि साधं पाणी अर्धं-अर्धं मिसळावं. हेतू एवढाच, की पेय विशीच्या आसपास राहावं. त्या तापमानाला जिभेला गोडीही कळते आणि घशाला गारवाही.

गारवा आणखी हवा असेल तर पुदिना आहे. थंडी ओळखणारी वाहिनी निराळी, तिचं नाव ‘टीआरपीएम ८’. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डम पाटापूटियन या दोघांच्या प्रयोगशाळांनी ती २००२ साली स्वतंत्रपणे शोधली. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरील कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. मेंथॉलचा रेणू हीच वाहिनी उघडतो, त्यामुळे तापमान जराही न उतरता तोंडाला गार लागतं. भाजीवाल्याकडच्या जुडीत मेंथॉल पेपरमिंटच्या मानाने थोडंच असतं, तेव्हा गोळीसारखा झणका येणार नाही. दहा-बारा पानं खलबत्त्यात चेचून घातली तर एक सौम्य थंडावा मात्र येतो. फ्रिजचा गारवा गोडी दाबतो. पुदिन्याचा गारवा पेय गार न करताच मिळतो.

कोकमाचं बघा. बाजारातलं अमृत कोकम म्हणजे रातांब्याच्या साली साखरेत मुरवून केलेला पाक. घरी करणारेही फळाच्या दीडपट-दुप्पट साखर घालतात, नाहीतर ते टिकत नाही. ते बाजूला ठेवा. चार-पाच आमसुलं वाटीभर माठाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पाण्याला आधी गुलाबी कड येते, मग हळूहळू ते जांभळट लाल होतं. तो रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा. आमसुलं बोटांनी कुस्करून पिळून टाका. भाजलेल्या जिऱ्याची पूड, चेचलेला पुदिना आणि हवा असेल तर चहाचा अर्धा चमचा साखर. त्यात एक पेला माठाचं पाणी. मीठ वेगळं घालू नका, आमसुलांचं पुरतं. तेवढं मीठच गोडी वर आणतं. कोकमातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लावरून वजन घटवण्याच्या गोळ्यांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. पेल्यातल्या कोकमाकडून तसली अपेक्षा नको, ते चवीपुरतं उत्तम आहे.

ताकाला तर साखरेची गरजच नाही. एक भाग दही, तीन भाग पाणी या हिशेबाने पेल्यात दुधातली साखर जेमतेम दोन ग्रॅम उरते. ताकात धोका असतो तो मिठाचा. अर्धा चमचा मीठ म्हणजे तीनेक ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा आहे पाच ग्रॅमच्या आत. मधुमेह आणि रक्तदाब बहुधा जोडीनेच येतात. तेव्हा चिमटीने मीठ आणि सढळ हाताने जिरं, आलं, कोथिंबीर. सोलकढीत साखर कमी, पण नारळाच्या दुधाची चरबी बरीच. वाटीभर ठीक, तांब्याभर नको. सब्जा कशातही घाला. भिजल्यावर दाण्याभोवती जो बुळबुळीत वेष्टनाचा फुगा येतो, तो विरघळणारा तंतू. फालुद्यात मात्र सब्जाच्या जोडीला सिरपही येतं, हे विसरू नका.

साखरेऐवजी गोळी? सॅकरिन १८७९ पासून आहे, सुक्रालोज साखरेच्या सहाशेपट गोड. यांनी रक्तातली साखर तशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नका असं सुचवलं, पण ती सूचना मधुमेह असलेल्यांना लागू नाही, असं त्याच कागदात म्हटलं आहे. बातम्यांत हे वाक्य गळालं. रोज दोन बाटल्या कोला पिणाऱ्याने ‘डाएट’कडे वळणं फायद्याचंच. मात्र जिभेची गोडाची पातळी त्याने खाली येत नाही, आणि ती खाली आणणं जमतं. साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलं, तर जीभ फारशी कुरकुर करत नाही.

एका प्रसंगी मात्र वरचं सगळं उलटं होतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला उन्हात, जेवण चुकल्यावर दरदरून घाम फुटला, हात थरथरले, साखर ७० च्या खाली आली, तर १५ ग्रॅम साखर लगेच हवी. तीन चमचे पाण्यात ढवळून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात मात्र काही ओतू नये, सरळ दवाखाना गाठावा. डाएट कोला इथे कुचकामाचा. आणि जेवणाबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना घरातली साखरही पटकन लागू पडत नाही, कारण या गोळ्या आतड्यात सुक्रोज फुटण्याचीच क्रिया मंदावतात. त्यांनी खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी आणि ती कशासाठी आहे, हे घरातल्या माणसांनाही सांगून ठेवावं.