स्वराची आठवण

भाईंदरहून सकाळीं चर्चगेटकडे निघणाऱ्या लोकलगाडींत भजनी मंडळी भेटली, तर एक गोष्ट कान देऊन पाहा. तंबोरा नाहीं, पेटी नाहीं. टाळ आणि कंठ एवढेंच साहित्य. एक अभंग संपतो, मंडळी बोलूं लागतात, स्थानकाचें नांव पुकारलें जातें, आणि तरीहि बुवा पुढचा अभंग बहुधा पहिल्याच षड्जावर उचलतात. मात्र मध्येंच शेजारच्या डब्यांतून दुसऱ्या भजनाचा सूर आला, कीं तो षड्ज डळमळतो. मग बुवा स्वतःच्या स्मरणशक्तीला बोल लावतात. तो बोल अनाठायीं आहे.

मानसशास्त्रज्ञ डायना डॉइश यांनीं 1970 सालीं याच प्रश्नावरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. कान तयार असलेले श्रोते निवडावयाचे. त्यांना एक स्वर ऐकवावयाचा, पांच सेकंद जाऊं द्यावयाचे, मग दुसरा ऐकवून दोन्ही एकच कीं वेगळे हें विचारावयाचें. मधल्या वेळांत नुसते आंकडे बोलून दाखविले, तेव्हां शेंकडा सुमारें 2 उत्तरें चुकलीं. ते आंकडे ध्यानांत ठेवावयास सांगितले तरी चुका सुमारें 6 च. परंतु आंकड्यांऐवजीं सहा परके स्वर वाजविले, आणि त्यांकडे लक्ष देऊं नका असें बजावलें, तरी चुका शेंकडा 32 वर गेल्या!

म्हणजे अल्पकाळ स्वर जपणारी मनांतील कोठी शब्दांच्या कोठीहून निराळी आहे. बोलण्यानें ती फारशी हलत नाहीं; स्वरानें हलते. त्यांतहि सर्व स्वर सारखे बाधक नव्हत. षड्ज आणि शुद्ध ऋषभ यांमधील अंतराच्या सुमारें दोन-तृतीयांशावर, म्हणजे कोमल ऋषभाच्या किंचित् वर, असलेला परका स्वर सर्वांत अधिक घोंटाळा करितो. त्याहून दूर जावें तसा उपद्रव कमी होतो. शेजारच्या मंडळींचा षड्ज नेमका तेथेंच लागला, तर बुवांनीं करावें काय?

डॉइशबाईंचा 1975 चा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. परक्या स्वरांच्या रांगेंत मूळ स्वरच पुन्हां एकदां वाजविला, तर चुका कमी होतात. मिरजेचा तंबोरा दुसरें काय करितो? षड्ज पुसट होण्यापूर्वींच तो पुन्हां सांगतो. सप्ताहांत वीणा खालीं ठेवीत नाहींत, एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते; त्याचीं कारणें भक्तीचीं खरीं, तरी गाणाऱ्याच्या कानालाहि लाभ होतोच. लोकलच्या गर्दींत वीणेला जागा नाहीं. तेव्हां दोन अभंगांच्या मध्यें एखाद्यानें तोंड मिटून षड्ज गुणगुणत राहावें. बाकीच्यांनीं खुशाल बोलावें.